जुना संगणक, नवा प्रोसेसर आणि हुकमी घसारा

(येवला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'तंत्रज्ञान आणि आपण' या विषयावर मी बोलावे अशी आपली सूचना होती. विषय इतका विस्तृत आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालून जाते, आणि म्हणूनच बहुधा काहीच निष्पन्न होत नाही. तेव्हा मी त्याचा एक अगदी लहान तुकडा घेणार आहे. आपल्या वाचनालयात पाच संगणक आहेत. २०१२ साली वर्गणी जमवून आपण ते घेतले. विणकरांच्या घरची मुले त्यांवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, परीक्षांची तयारी करतात. हे पाचही संगणक भंगारात काढावेत आणि वर्षभराची शिल्लक खर्चून दोन नवे घ्यावेत, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही मी त्यास विरोध केला आणि एक महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात आम्ही पाचांपैकी एका संगणकाचा प्रोसेसर बदलला. त्या अनुभवाचा आणि त्यातून सुचलेल्या अर्थशास्त्राचा हिशेब आज आपल्यापुढे ठेवतो.

येवल्यात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मागावर जेकार्ड बसविलेले आहे. फ्रान्समधील लिआँ शहरच्या जेकार्डने १८०४ साली सिद्ध केलेल्या या यंत्रात पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक आहे की नाही, यावरून ताण्याचा कोणता धागा उचलावयाचा ते ठरते. पुढे १८३० नंतरच्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजिली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली. संगणकाच्या वंशावळीत माग हा आजोबांच्या जागी आहे. परंतु मला आज ध्यानात आणून द्यावयाची गोष्ट निराळी आहे. जेकार्ड आले तेव्हा माग फेकून द्यावा लागला नाही. ते मागाच्या डोक्यावर बसले. खालचा सांगाडा, फणी, धोटा, विणकराचा खड्डा, सारे तेच राहिले. गावच्या सुताराला माग उघडता येत होता, मापता येत होता, म्हणून त्यात नवी शक्ती घालता आली. जुन्या यंत्रात नवे अंग बसविण्याचा हक्क हा त्या काळी हक्क म्हणून ओळखलाच जात नव्हता, कारण तो कोणी हिरावून घेतला नव्हता.

आता संगणकाकडे वळू. प्रोसेसर म्हणजे संगणकात प्रत्यक्ष गणित करणारा भाग. तो मदरबोर्ड नावाच्या पाटीवरील एका बैठकीत बसतो. या बैठकीला सॉकेट म्हणतात. बैठक ज्या मापाची, त्याच मापाचा प्रोसेसर तीत बसतो. आपल्या संगणकांतील बैठकीत ११५५ सूक्ष्म काटे आहेत. २०११ आणि २०१२ या दोन वर्षांत इंटेल कंपनीने काढलेल्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर तीत चालतात. २०१३ साली कंपनीने काट्यांची संख्या बदलली आणि ही बैठक मागे पडली. म्हणजे आपणास निवड करावयाची ती या दोन पिढ्यांतूनच. परंतु त्या दोन पिढ्यांत दोन गाभ्यांचा साधा पेंटियमही आहे आणि चार गाभ्यांचा आय-५ देखील आहे. २०१२ साली आपल्या ऐपतीप्रमाणे आपण पेंटियम घेतला. त्या वेळी महाग असलेला आय-५ आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मोडलेल्या संगणकांतून काढलेल्या मालात, किरकोळ भावात मिळतो. कालची चैन आज भंगाराच्या दराने मिळत असेल, तर गरिबांच्या संस्थांनी ती का सोडावी?

तथापि, येथे घाई करू नये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिला धडा हा असतो की उत्पादन अडते ते सर्वांत अपुऱ्या साधनापाशी. पैठणी विणणाऱ्याचा हात कितीही चपळ असो; घरातल्या बायकांनी, म्हाताऱ्या माणसांनी कांड्या भरून दिल्या नाहीत तर तो हात रिकामा बसतो. अशा वेळी आणखी चपळ विणकर आणून बसविणे हा उपाय नव्हे. जुन्या संगणकाचेही तसेच आहे. तो मंद झाला की प्रोसेसर म्हातारा झाला असे आपण म्हणतो. वस्तुतः बहुधा तो बिचारा कांडीची वाट पाहत असतो. फिरती हार्ड डिस्क माहिती पुरवावयास वेळ लावते आणि दोन जीबी रॅममध्ये आजचे काम मावत नाही. म्हणून आमचा क्रम असा राहिला: प्रथम फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, मग रॅम आठ जीबी, आणि त्यानंतरही जे काम अडते आहे ते पाहून प्रोसेसर. पहिल्या दोन पायऱ्यांतच यंत्राचे रूप पालटले. पण व्हिडिओवरून शिकविले जाणारे वर्ग आणि एका वेळी उघडलेली पाच-सहा पाने यांना दोन गाभे पुरेनात. प्रोसेसर बदलावयाचा तो अशा वेळी.

हे काम करावयास माझा एक माजी विद्यार्थी आला. त्याच्या वडिलांचा हात मागावर गेला, त्याचा संगणक-दुरुस्तीत. त्यापूर्वी मी शहरातल्या एका दुकानात विचारपूस केली होती. तेथे यंत्राचे झाकणही न उघडता उत्तर मिळाले की, "याचे आता काही होत नाही, नवा घ्या." विद्यार्थ्याने मात्र झाकण काढले, पाटीवर छापलेला क्रमांक वाचला आणि तिच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत आपला आय-५ आहे की नाही ते पाहिले. यादीत तो होता. पण त्याच्यापुढे एक अट होती. प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा असेल तर पाटीची मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, ती आधी नवी करून घ्यावी. उत्साहाच्या भरात आम्ही ती अट वाचली आणि विसरलो. नवा प्रोसेसर बसविला, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच. अर्धा तास आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. शेवटी जुना पेंटियम परत बसवून आज्ञावली नवी केली. ती बदलत असताना वीज गेली तर पाटी कायमची निकामी होण्याचा धोका असतो, आणि आपल्याकडे वीज कोणाला विचारून जात नाही. म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला. पाटीवरचा नाण्याएवढा सेलही बारा-तेरा वर्षांत संपला होता, तोही बदलला.

उरलेले काम हातांचे आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना सहज शिकता येईल, म्हणून थोडक्यात सांगतो. यंत्राची वीज तोडून, लोखंडी सांगाड्यास हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. वरचा पंखा व धातूची थंडाई अलगद काढावी. जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटने स्वच्छ पुसावी. बाजूची तरफ उचलून प्रोसेसर सरळ वर घ्यावा. काटे प्रोसेसरला नसून बैठकीत आहेत, हे विसरू नये. त्यांना बोट लागून एक जरी वाकला तरी पाटी गेली असे समजावे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बैठकीवरील खुणेशी जुळवून तो नुसता ठेवावा, दाबू नये. मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून थंडाई बसवावी आणि पंख्याची तार जोडावयास विसरू नये. आपला जुना प्रोसेसर ६५ वॅटचा होता, नवा ७७ वॅटचा आहे. म्हणून आम्ही थंडाईही थोडी मोठी, वापरलेलीच, घेतली. एवढे झाल्यावर पडदा उजळला. त्या दिवशी वाचनालयातील मुलांनी टाळ्या वाजविल्या. खरे म्हणजे त्या टाळ्यांसाठी नवीन यंत्र आणण्याची गरज नव्हती, यंत्र उघडण्याची गरज होती.

येथवर ही दुरुस्तीची कथा झाली. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने हातातील कामामागचे संबंधही पाहिले पाहिजेत. यंत्र जुने होते म्हणजे नेमके काय होते? हिशेबात यास आपण घसारा म्हणतो. पहिला घसारा झिजेचा: बेअरिंग खराब होते, पट्टा तुटतो. दुसऱ्याचे वर्णन मार्क्सने १८६७ साली 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात केले. यंत्र झिजलेले नसते, पण तसेच यंत्र स्वस्तात बनू लागते किंवा अधिक चांगले यंत्र स्पर्धेत उतरते, आणि पहिल्याचे मूल्य उतरते. हे दोन्ही घसारे आपण वर्गात शिकविले. परंतु संगणकाच्या बाबतीत एक तिसरा घसारा आहे. येथे यंत्र झिजलेले नसते, कामासही पुरेसे असते; पण ज्यांच्या हाती बैठकीचे माप आणि आज्ञावलीची किल्ली आहे, ते एका तारखेस जाहीर करतात की हे यंत्र जुने झाले. यास मी हुकमी घसारा म्हणतो.

हे आरोप म्हणून बोलत नाही, दाखला देतो. इंटेलची ११५१ काट्यांची बैठक २०१५ साली आली. २०१७ च्या ऑक्टोबरात कंपनीने डेस्कटॉपसाठी आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. त्यांचे काटेही ११५१ च, मापही तेच. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर ते चालणार नाहीत असे ठरले. विजेच्या पुरवठ्यासाठी काट्यांची वाटणी बदलली आहे, असे कारण देण्यात आले. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु पुढे हौशी लोकांनी आज्ञावली आणि एखाद-दुसरा काटा यांत फेरफार करून अनेक जुन्या पाट्यांवर हेच प्रोसेसर चालवून दाखविले. दार भिंतीने बंद नव्हते, कुलपाने बंद होते.

उलट दाखला ए.एम.डी. या दुसऱ्या कंपनीचा. तिची एएम-४ ही बैठक २०१६ साली आली आणि २०२२ नंतरही तिच्यासाठी नवे प्रोसेसर निघत राहिले. पण तेथेही हे आपोआप घडले नाही. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने आगामी प्रोसेसर जुन्या पाट्यांवर चालणार नाहीत असे सांगितले. ग्राहकांनी जगभर ओरड केली, आणि त्याच महिन्यात कंपनीने एका पिढीच्या पाट्यांपुरता निर्णय फिरविला; २०२२ साली त्याहून जुन्या पाट्यांनाही वाट मोकळी झाली. जे निसर्गनियमाने अशक्य असते ते ओरड करून शक्य होत नाही. तेव्हा हा नियम निसर्गाचा नव्हता, व्यवहाराचा होता, आणि व्यवहाराचे नियम संघटित माणसांना बदलता येतात. आपल्या चळवळीस याहून वेगळे काय सांगावयाचे असते?

हुकमी घसाऱ्याचा सर्वांत मोठा हुकूम मात्र प्रोसेसर बनविणाऱ्याने काढला नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. पुढील विंडोज ११ साठी, थोडे अपवाद सोडता, इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली. आपल्या संगणकात आय-५ घातला, त्याचा वेग दुप्पट झाला, तरी या दारात तो अपात्रच. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की या निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक टाकाऊ ठरू शकतात. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. दहा वर्षे तिने ही प्रणाली सांभाळली, आणखी एका वर्षाची सशर्त सवलत दिली, आणि सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. देखभाल नसलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, हे मी मुलांनाही सांगतो. प्रश्न एवढाच की, किल्ली स्वतःकडे ठेवून कुलूप बदलणाऱ्याने घर मात्र भाडेकरूने पाडावे, असे का?

आम्ही त्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घातली. तिच्यावर मराठी उमटते, अर्ज भरता येतात, हिशेब मांडता येतात. केरळमध्ये सरकारी शाळांतून कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिक्षण चालले आहे. तेथे हा प्रयोग राहिलेला नाही, ते राज्याचे धोरण आहे. आपल्याच पुण्यातील सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' या नावाची भारतीय भाषांतील लिनक्स प्रणाली काढली, हेही आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल.

आता 'एवढी उठाठेव कशासाठी?' या आक्षेपाकडे येतो. आपला कायदाच संगणकाचे आयुष्य थोडके धरतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सामान्य यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे आहे, तर डेस्कटॉप संगणकाचे तीन वर्षे. तीन वर्षांनी कंपनीच्या वहीत संगणक जवळजवळ शून्यावर येतो. पण वहीतील शून्य पृथ्वीच्या हिशेबात शून्य नसते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या काळचा एक संगणक, पडद्यासह, बनविण्यास २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० किलो पाणी लागत असे. दीड हजार लिटर पाणी म्हणजे काय, हे अवर्षणप्रवण येवला तालुक्याला समजावून सांगावे लागत नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट नोंदली गेली, असे संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालात आहे. उरलेल्यापैकी पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तेथे माणसे उघड्या हातांनी पाट्या फोडतात, जाळतात, आम्लात बुडवितात. आपण ठराव करून पाच संगणक भंगारात काढतो, तेव्हा त्या ठरावाची शेवटची ओळ तेथे लिहिली जाते.

मित्रहो, जुन्या यंत्राची भलावण करताना मी एका भ्रमापासून आपणास सावध करू इच्छितो. जुने यंत्र आपोआप गरिबांच्या बाजूचे होत नाही. आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव पाहा. मुंबईच्या गिरण्यांनी टाकलेले माग तेथे आले आणि त्यांनी दुसरे आयुष्य काढले. त्यावर हजारो कुटुंबे जगली, हे खरे. पण लांबलचक पाळ्या, कानठळ्या बसविणारा आवाज आणि तुटपुंजी मजुरी यांच्या जोरावर त्या यंत्रांचा स्वस्तपणा टिकला, हेही तितकेच खरे. यंत्राचे आयुष्य वाढवावे, पण त्याचा खर्च कामगाराच्या शरीरावर टाकू नये. म्हणून दुरुस्ती करणाऱ्या आपल्या मुलांना उचित मोबदला मिळाला पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याने पैसे घेण्यास नकार दिला. "सर, तुमच्याकडून कसे घेऊ?" असे तो म्हणाला. मी ते त्याच्या हातात ठेवले. फुकट श्रमावर उभी राहिलेली काटकसर ही काटकसर नव्हे.

तसेच प्रत्येक जुना संगणक वाचवावा असेही माझे म्हणणे नाही. ज्याची पाटी फुगलेल्या कपॅसिटरांनी गेली आहे, जो थोड्या कामासाठी फार वीज खातो, किंवा ज्याच्या बैठकीत आहे त्याहून चांगला प्रोसेसर बसतच नाही, त्याचे सुटे भाग काढून घ्यावेत आणि उरलेले अधिकृत संकलकाकडे द्यावे. आपल्या पाचांपैकी एक तसाच आहे. उरलेले चार उभे राहतील, आणि त्या चारांचा मिळून खर्च एका नव्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी येईल, असा आमचा हिशेब आहे.

यापुढे काय करावे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. पण समितीने प्रारंभी निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने होती. डेस्कटॉपचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. आपण तीन मागण्या लावून धराव्यात. पहिली, कोणत्याही पाटीची आज्ञावली आणि तिच्यावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी कंपनीने देखभाल थांबविल्यावरही सर्वांस उपलब्ध राहिली पाहिजे. दुसरी, शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी संस्था यांनी संगणक निर्लेखित करण्यापूर्वी तो उघडून तपासल्याचा दाखला जोडला पाहिजे. तिसरी, सरकारी खरेदीत यंत्राच्या सुट्या भागांची आणि सुरक्षा-दुरुस्तीची किमान दहा वर्षांची हमी ही अट असली पाहिजे. शिवाय तालुक्यातालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळावे, असा आग्रह आपण धरू शकतो. या कामात भांडवल थोडे आणि श्रम अधिक लागतात, आणि ते श्रम परदेशातून आयात करावे लागत नाहीत.

कार्यकारिणीपुढील ठरावास मी पुढील उपसूचना देत आहे. दोन नव्या संगणकांऐवजी चार जुन्यांचे प्रोसेसर, रॅम व एसएसडी बदलून घ्यावेत. दुरुस्ती करणाऱ्यास ठरलेला मोबदला द्यावा. आणि शिलकीतून वाचलेल्या रकमेत मुलांसाठी दुरुस्तीचा वर्ग सुरू करावा. वर्गाची सुरुवात त्या पाचव्या, न वाचणाऱ्या संगणकापासून व्हावी. तो मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांना सांगावे की याचे झाकण उघडा. मतदान पुढील बैठकीत आहे. तोपर्यंत ज्यांना शंका असेल त्यांनी सायंकाळी वाचनालयात यावे आणि खिडकीजवळच्या संगणकावर स्वतः बसून पाहावे.